चार नंबरचा अर्धा कॅन

१

चार नंबरची लघवी चोरीला गेली होती. सगळी नाही, बरोबर अर्धी.

चाळणीबाईंनी तीस वर्षं प्रयोगशाळेत काढली होती आणि तेवढ्या काळात बरंच काही चोरीला जाताना पाहिलं होतं. मायक्रोस्कोपची भिंगं, स्पिरिटच्या बाटल्या, एकदा तर भिंतीवरचा चालता पंखा. पण हा माल कुणी पळवल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. गुरुवारी सकाळी दहाला त्यांनी फाइल उघडली, आकडा पाहिला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला. आकडा जिथल्या तिथे होता.

त्यांचं खरं पद ‘चाचणी निरीक्षक’. चाळणी हे नाव वॉर्डातल्या लोकांनी पाठीमागे ठेवलेलं, कारण त्यांच्या हातून खोटा आकडा खाली पडत नसे. हे नाव बाईंना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

वॉर्ड लहान होता, रोगी बारा. रोगच इतका दुर्मीळ की हे बारा जण गोळा करायला डॉक्टरांना दोन वर्षं लागली होती. या रोगात किडनीची जाळी विसविशीत होते आणि रक्तातली प्रथिनं लघवीतून वाहून जातात. आधी पाय सुजतात, मग चेहरा, आणि मग हळूहळू किडनीच मिटते. त्यावरच्या नव्या औषधाची इथे चाचणी चालली होती. दर दोन महिन्यांनी प्रत्येकाने एक दिवस-रात्र वॉर्डात राहायचं आणि चोवीस तासांची लघवी थेंबही न सांडता पाच लिटरच्या कॅनमध्ये साठवायची. हा सहावा महिना, म्हणजे निकालाचा. ज्याची प्रथिनं निम्म्यावर आली त्याचं औषध चालू, ज्याची आली नाहीत त्याचं हे औषध बंद. पुढचं काय ते कागदावर ठरलेलं होतं. यादी आज पाचच्या आत पाठवायची होती.

“मॅडम, चार नंबरचं सोडा हो, म्हातारा माणूस, सांडलं असेल,” डॉक्टर म्हणाले. चाळिशीचे डॉक्टर आज हवेतच चालत होते. “तुम्ही नऊ नंबर बघा! साडेपाच ग्रॅमवरून सव्वाच्या आत आली. मी तर आशाच सोडली होती.”

“बघते,” बाई म्हणाल्या. “आधी चोरी बघते.”

२

बाईंनी बारापैकी एकाही रोग्याचा चेहरा पाहिलेला नव्हता. नियमच तसा होता; त्यांना फक्त नंबर कळायचे. पण आकड्यांवरून माणसं त्यांच्या चांगली ओळखीची झाली होती. अंगातल्या स्नायूंच्या झिजेतून क्रिएटिनिन नावाचा कचरा रोज लघवीतून बाहेर पडतो आणि एका माणसाचा तो रोज जवळजवळ तेवढाच असतो. चार नंबरचा बाराशे, म्हणजे मध्यम बांध्याचा, हिंडता-फिरता गृहस्थ. नऊ नंबरचा सातशे, म्हणजे एवढीशी बाई, वाऱ्याने उडेल अशी. सहा महिने हे आकडे वाचून वाचून बाईंना त्या दोघांची काळजी वाटायला लागली होती. घरी एकट्याने जेवताना त्यांच्या मनात येई, या नऊ नंबरने आज काही खाल्लं असेल का?

आणि आता बाराशेवाल्या चार नंबरच्या कॅनमध्ये निघाले होते सहाशे. माणूस एका दिवसात अर्धा होत नाही. तेव्हा कॅनच अर्धा झाला होता.

त्यांनी प्रयोगशाळेतल्या लॅबवाल्याला गाठलं. त्याच्या पाचावर धारण बसली.

“देवाशप्पथ सांगतो मॅडम, नऊशे पाच मिली आला, नऊशे पाच लिहिला. सील शाबूत होतं. मी कशाला चोरू? काय करू मी त्याचं?”

“तेच विचारतेय. काय करता येतं त्याचं?”

लॅबवाल्याने खूप विचार केला. “काहीच नाही,” तो हताशपणे म्हणाला.

सिस्टर मात्र चिडल्या. पंचवीस वर्षं वॉर्ड सांभाळलेली बाई, त्यांच्या शब्दाला धार होती. “मंगळवारी सकाळी सातला सुरुवात, बुधवारी सकाळी सातला शेवट. दोघंच होते, चार आणि नऊ. कॅन आतल्या खोलीतल्या फ्रिजमध्ये. प्रत्येक वेळी आधी मोजपात्रात मोजायचं, तक्त्यावर लिहायचं, मग कॅनमध्ये ओतायचं. सातला मी स्वतः सील लावलं.”

“आणि सातच्या आधी?”

“सहा ते सात ड्यूटी बदलते. मी टेबलाशी होते. आतल्या खोलीत कोण गेलं-आलं हे कसं सांगू? नऊ नंबरचा नवरा डबा घेऊन आला होता. काका मोजपात्र धुवायला गेले होते. ते नेहमीच धुतात, बाकीचे तसंच टाकून जातात.”

“कोण काका?”

“चार नंबर.” सिस्टरचा आवाज जरा निवळला. “आमचे कंपाउंडरकाका.”

३

नियम मोडायचा तर पूर्ण मोडावा, असं म्हणून बाईंनी दोन्ही रोग्यांना बोलावणं धाडलं आणि तोवर त्यांचे तक्ते मागवले.

चार नंबरचा तक्ता पाहून त्यांचा जीव सुखावला. नऊ नोंदी, अक्षर मोत्यासारखं, आकडे एकाखाली एक. दोनशे दहा, एकशे नव्वद, दोनशे पंचवीस... बेरीज अठराशे दहा. म्हणजे सांडलवंड काही नव्हती. काकांनी अठराशे दहा मिली कॅनमध्ये ओतलं होतं आणि सील लागलं तेव्हा त्यात नऊशे पाच उरलं होतं.

बाईंनी कागदावर भागाकार केला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. बरोबर अर्धं. एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही. चोर हाताला लागेल तेवढं नेतो, मोजून निम्मं ठेवत बसत नाही.

मग त्यांनी नऊ नंबरचा तक्ता ओढला. अकरा नोंदी, बेरीज तेराशे पन्नास. आणि प्रयोगशाळेत पोचलेला कॅन?

नऊशे पाच.

बाई खुर्चीत ताठ बसल्या. त्यांनी दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवले. चार नंबर, क्रिएटिनिन सहाशे, प्रथिनं एक पूर्णांक दोन. नऊ नंबर, क्रिएटिनिन सहाशे, प्रथिनं एक पूर्णांक दोन. जुळ्या भावांनाही आई वेगळं ओळखते. या दोन कागदांना कुणी ओळखलं नसतं. नऊ नंबरचे नेहमीचे सातशे सोडून सहाशे आले, तर एवढ्याशा फरकाकडे कोण बघतो? सगळ्यांचे डोळे प्रथिनांच्या रकान्यावर, आणि तिथे तर आनंदीआनंद.

प्रयोगशाळेचं यंत्र सवयीने आणखी दहा गोष्टी मोजतं आणि छापतं. या चाचणीत त्यांचा उपयोग नाही म्हणून त्या ओळी कुणी वाचत नाही. बाईंनी वाचल्या. शेवटून दुसरी ओळ होती साखरेची.

नऊ नंबरच्या लघवीत साखर होती, तीही भरपूर.

“सिस्टर, नऊ नंबरला मधुमेह आहे?”

“छे हो. तिला नाही. काकांना आहे. लघवीवाटे साखर बाहेर काढणारी ती नवीन गोळी चालू आहे ना त्यांना.”

४

नऊ नंबर आधी आली. पोस्टात पत्रं लावण्याचं काम करणारी, तिशीची, खरंच वाऱ्याने उडेल अशी. पायांवर सूज इतकी की चपलेचे पट्टे शेवटच्या भोकात होते. सहा महिने जिला आकड्यात पाहिलं ती समोर बसलेली पाहून बाईंनी आधी तिच्या पायांखाली स्टूल सरकवलं.

“डॉक्टर म्हणाले माझं उतरलं,” पोस्टवाली म्हणाली. ती हसत होती, पण त्या हसण्याला बुड नव्हतं. “खरंय का हो? कारण सूज तर काल होती तेवढीच आहे. मी कुणाला बोलले नाही. म्हटलं, आपणच अपशकुन कशाला करा.”

“तुम्ही कॅन स्वतः भरलात?”

“अकराच्या अकरा वेळा. पोस्टात काम करते मी. एक पत्र चुकीच्या खणात गेलं तरी रात्री झोप लागत नाही मला.”

बाईंचा तिच्यावर विश्वास बसला. ज्याला लबाडी करायची असते तो स्वतःच्या सुजेची आठवण करून देत नाही.

“नवऱ्याने काही केलं असेल?”

“त्यांनी?” ती आता खरंच हसली. “त्यांना तो कॅन बघूनच मळमळतं. डबा दारातूनच देतात.” मग ती थांबली आणि तिचा चेहरा उतरला. “म्हणजे आकडा खोटा आहे. हो ना?”

बाई आयुष्यात कधी आकड्याच्या बाबतीत खोटं बोलल्या नव्हत्या. “खोटा नाही,” त्या म्हणाल्या, “पण तुमचा नाही.”

पोस्टवालीने मान खाली घातली. “औषध बंद झालं तर घरी छोटीला काय सांगायचं, हाच घोर लागला होता मला. मंगळवारी बाहेरच्या बाकावर नवऱ्याशी तेच बोलत होते. चार वर्षांची आहे ती. आई बरी होतेय म्हणून सांगून ठेवलंय तिला. डॉक्टर म्हणाले होते, किडनी वीस टक्के उरलीय, जेमतेम वर्षभर चालेल.”

“बाकावर आणखी कोण होतं?”

“कुणी नाही. काका होते. पण ते काय, आपलेच.”

५

कंपाउंडरकाका आले ते इस्त्रीच्या सदऱ्यात, वेळेआधी दहा मिनिटं. बाईंना वाटलं होतं तसेच, बाराशेवाले. त्यांनी बसण्याआधी खुर्ची सरळ केली.

“माझंच सांडलं, बाई,” ते आपणहून म्हणाले. “वय झालं. हात कापतो.”

“हात पुढे करा बघू.”

काकांनी केला. हात दगडासारखा स्थिर होता. त्यांनाच ते दिसलं आणि त्यांनी तो मागे घेतला.

“किती वर्षं कंपाउंडर होतात?”

“एकेचाळीस. तेव्हा मिक्श्चर आम्हीच बनवायचो. बाटलीला कागदाची पट्टी चिकटवायची, तिला कात्रीने खाचा पाडायच्या, एक खाच म्हणजे एक डोस. माझी खाच कधी चुकली नाही.”

“नाहीच चुकली,” बाई हळूच म्हणाल्या. “दोन कॅन, नऊशे पाच आणि नऊशे पाच. दुसऱ्या कुणी केलं असतं ना काका, तर अंदाजे ओतलं असतं. आणि दुसऱ्या कुणी केलं असतं तर तक्त्यावर पण खोटं लिहिलं असतं. तुम्हाला खोटं माप लिहिता आलं नाही. बुधवारी सहा ते सातच्या मधे, दोघांचं शेवटचं ओतून झाल्यावर, मोजपात्र धुवायला म्हणून तुम्ही आत गेलात. तिचा कॅन मोरीत रिकामा केलात आणि तुमच्यातलं निम्मं तिच्यात ओतलंत. आम्ही सगळे चोर शोधत होतो आणि ज्याचा माल गेला त्याचीच कीव करत होतो.”

काकांनी सदऱ्याची बाही सरळ केली. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलला स्टँड लावला, तो आवाज आत ऐकू आला.

“मला वाटलं, लघवी निम्मी तर प्रथिनंही निम्मी. दोघंही पास,” ते म्हणाले. “ते स्नायूंचं काय ते मला माहीत नव्हतं. आमच्या वेळी नव्हतं.”

“का केलंत?”

“माझं उतरलं म्हणून.” काकांनी पायजमा घोट्यावरून वर ओढला. “चौसष्ट वर्षांचा आहे मी. बायको गेली, मुलगा दूर. माझे पाय बघा, कसे काडीसारखे झालेत. आणि ती पोर शेजारी बसून रडतेय. सिस्टरनी मंगळवारीच सांगितलं होतं, ज्याचं उतरलं नाही त्याचं औषध बंद. बाई, मी जन्मभर लोकांना औषध वाटलं. एकदाही कुणाला परत पाठवलं नाही. आणि इथे माझ्यासमोर तिचं बंद करणार! मला नाही बघवलं.”

बाईंचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी त्यांना प्रचंड रागही आला. तो काकांवर नव्हता. त्या उठल्या आणि त्यांनी दार उघडून डॉक्टरांना हाक मारली. हाक अशी की लॅबवाला दोन खोल्या पलीकडे उभा राहिला.

६

“डॉक्टर, दुसऱ्या गटाचा कागद कुठे आहे?”

“फाइलमध्ये. सगळ्यांच्या सह्या आहेत.”

“सह्या आहेत हे मला दिसतंय. यांना वाचून कुणी दाखवला?”

डॉक्टरांनी फाइल पुढे सरकवली. सिस्टर दारात येऊन थांबल्या, पोस्टवाली त्यांच्या मागे. बाईंनी फाइलमधून एक कागद काढला आणि काकांसमोर ठेवला. सही मोत्यासारखी होती.

“हा दोन महिन्यांपूर्वी आला. कुठे सही करायची ते बोट ठेवून दाखवलं असेल आणि तुम्ही केलीत. त्यात लिहिलंय की या रोगाचे दोन प्रकार आहेत. पहिल्याला हे औषध लागू पडतं. दुसऱ्याला पडत नाही, त्याच्यासाठी वेगळं औषध बनवलंय. कोण कुठल्या प्रकारातला हे आधी ओळखता येत नाही, म्हणून सहा महिने बघायचं. ज्याचं उतरत नाही, त्याचं हे बंद करून त्याला ते द्यायचं.” त्या थांबल्या. “बंद म्हणजे घरी पाठवणी नाही, काका. बंद म्हणजे पुढचं दार.”

काकांनी कागद उचलला. ओळीवर बोट ठेवत त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला.

“म्हणजे मी ओतलं नसतं तर...”

“तर आज यादीत तिचं नाव दुसऱ्या औषधाखाली गेलं असतं. तुम्ही ओतलंत म्हणून ते याच औषधाखाली गेलं असतं. आणखी सहा महिने. वीस टक्क्यांतले सहा महिने.”

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एकेचाळीस वर्षांत ज्याचा डोस चुकला नाही, तो माणूस लहान मुलासारखा हुंदके देऊन रडायला लागला.

“चूक माझी आहे,” डॉक्टर म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. “बारा जणांना समोर बसवून सांगायला अर्धा तास लागला असता. मला वाटलं, उगाच दुसऱ्या औषधाची आशा कशाला लावा. आणि परवा पण नुसतं ‘बंद’ एवढंच सांगा म्हणालो सिस्टरना.”

“हे पण लिहिणार मी,” बाई म्हणाल्या. “सगळं लिहिणार, तुमचं आणि यांचं, जसं घडलं तसं. काका, तुमचं औषध चालू राहील की नाही ते वरची समिती ठरवेल. माझ्या हातात ते नाही आणि असतं तरी मी सांगितलं नसतं. यादीत तुम्ही दोघं सोडून दहा नावं जातील. निकालाचा कॅन बिघडला तर तीन दिवसांत पुन्हा भरता येतो. उद्या सकाळी सातला सुरू करा.”

“मला काढा, बाई,” काका तोंडावरचे हात न काढता म्हणाले. “हिचं तेवढं करा.”

एवढा वेळ दाराशी उभी असलेली पोस्टवाली पुढे आली. ती संतापली होती. एवढ्याशा अंगात एवढा राग मावतो हे कुणाला ठाऊक नव्हतं.

“काका, माझा अख्खा दिवस मोरीत ओतलात तुम्ही. अकरा वेळा उठले मी, असल्या पायांनी. वाईट आलं असतं तर येऊ दे की, पण ते माझं होतं ना? मला न विचारता माझं वाईट काढून घेतलंत आणि तुमचं चांगलं घातलंत. असं कोण करतं?”

“चुकलो, पोरी.”

“चुकलातच.” ती धापा टाकत होती. तिने खुर्ची ओढली, ती काकांशेजारी बसली आणि पदराने आधी त्यांचे डोळे पुसले, मग स्वतःचे. “उद्या परत चोवीस तास. तुम्हालाही भरायचाय, मलाही. बसा माझ्याबरोबर. पण काही करायचं नाही. काही द्यायचं नाही. नुसतं बसायचं. जमेल?”

काकांनी मान हलवली. ते त्यांना सगळ्यात अवघड जाणार होतं हे बाईंना दिसत होतं.

७

शनिवारी बाईंना सुट्टी असते. तरी दुपारी त्या वॉर्डात आल्या आणि फाइल राहिली होती असं सिस्टरना सांगितलं. फाइल त्यांच्या पिशवीतच होती.

बाहेरच्या बाकावर काका आणि पोस्टवाली बसले होते. तिचा नवरा एका कडेला उभा होता आणि त्यांची छोटी काकांच्या मांडीवर त्यांच्या सदऱ्याची बटणं मोजत होती. पाचाच्या पुढे तिला येत नव्हतं, म्हणून ती पुन्हा एकपासून सुरू करायची. समितीचं पत्र अजून यायचं होतं. काकांनी त्याबद्दल कुणाला विचारलंही नव्हतं.

डॉक्टर कागद घेऊन बाहेर आले. ते आज हवेत चालत नव्हते, जमिनीवर पाऊल टाकत होते. ते बाकासमोर उकिडवे बसले, म्हणजे पोस्टवालीच्या डोळ्यांसमोर त्यांचे डोळे आले, आणि त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं नीट वाचून दाखवलं. एकही ओळ सोडली नाही.

“प्रथिनं पाच पूर्णांक सहा,” ते शेवटी म्हणाले. “अजिबात उतरलेली नाहीत.”

सहा महिने ज्या आकड्याची तिला धास्ती होती तो हाच. नवऱ्याने श्वास रोखला. काकांनी छोटीला जवळ धरलं. आणि पोस्टवालीने एक मोठा उसासा टाकला, जसा लांबचं चालून आल्यावर पायरीवर बसताना टाकतात.

“हे मात्र माझं,” ती म्हणाली. “मग दुसरं कधी सुरू करायचं?”

“आत्ता. सिस्टर घेऊन येतायत.”

काका पटकन उठायला गेले, एकेचाळीस वर्षांच्या सवयीने, पाण्याचा पेला आणायला. मग त्यांना काय कबूल केलंय ते आठवलं. ते परत बाकावर टेकले आणि तिच्या शेजारी नुसते बसून राहिले.